त्रेचाळीस लख्ख रुपये

वेणीमाधवराव वळसंगकरांना आमच्या गल्लीत दोन नावं होती. समोर ‘नाकेदारकाका’ आणि पाठीमागं ‘चिकट वळसंगकर’. पहिलं नाव त्यांनी नोकरी करून मिळवलं. दुसरं कसं मिळवलं, ते गल्लीला वाटतं तसं नाही. खरं काय ते मला एकट्याला ठाऊक आहे, आणि आता नवराबायको दोघंही गेल्यावर ते सांगायला हरकत नाही.

काका अठ्ठावीस वर्षं तुळजापूर नाक्यावर जकातीचे कारकून होते. नाका म्हणजे एक पत्र्याची खोली, एक आडवा बांबू आणि एक लिंबाचं झाड. सोलापूरच्या उन्हात पत्र्याखाली इतकी वर्षं बसलेला माणूस एकतर भाजून निघतो, नाहीतर वाळून जातो. काका वाळले होते. त्यांचा कोट खुंटीला असला काय नि त्यांच्या अंगावर असला काय, कोटाला फरक कळत नसे.

नाक्यापासून थोड्या कोसांवर निजामाचा मुलूख सुरू होई. तिकडून मिरच्या, कांदे, करडई भरून गाड्या येत आणि गाडीवाल्यांच्या कनवटीला तिकडची नाणी असत. इकडचा हुकूम मात्र असा, की जकात घ्यायची ती इंग्रजी कलदार पैशातच. निजामाचा हाली शिक्का नको, जुन्या राजेरजवाड्यांचे रुपये नकोत. चुकून घेतला, तर ज्यानं घेतला त्याच्या बोकांडी.

नोकरीच्या चौथ्याच दिवशी काकांच्या बोकांडी पहिला रुपया बसला. संगप्पा नावाचा गाडीवाला नळदुर्गाकडून मिरच्या घेऊन आला होता. मिरच्यांच्या खकाण्यानं काका शिंकत होते, डोळ्यांतून धारा चालल्या होत्या, आणि त्या धारांतून त्यांना रुपया गोल दिसला. तेवढ्यावर त्यांनी तो पेटीत टाकला. संध्याकाळी हेडक्लार्कनं तो उचलून कंदिलापुढं धरला.

“वळसंगकर, हे काय आहे?”

“रुपया आहे की, साहेब.”

“यावर राणीचं तोंड कुठं आहे?”

“मागच्या बाजूला असेल.”

मागच्या बाजूलाही फारसी अक्षरंच होती. काकांनी आपल्या पंधरा रुपये पगारातला एक कलदार मुकाट्यानं पेटीत टाकला आणि तो बिनतोंडाचा रुपया खिशात घातला. पुढच्या आठवड्यात संगप्पा पुन्हा आला तेव्हा काकांनी त्याला अडवलं.

“काय रे, खोटा रुपया चिकटवलास?”

“खोटा? चावून बगा की सायेब! माज्या आज्ज्यानं चुलीखाली पुरून ठिवल्याला हाय त्यो. तुमचा राजा नवा, माजा रुपाया जुना. नव्यानं जुन्याला खोटं म्हनायचं व्हय?”

या प्रश्नाला जकातीच्या नियमांत उत्तर नव्हतं. काकांना तो युक्तिवाद फार आवडला. इतका, की पुढं असा कुणी जुना रुपया काढला की काका स्वतःचा कलदार पेटीत टाकत आणि जुना घरी नेत. वर्षाकाठी एखाददुसरा. दरेक रुपयाला कागदाची चिठ्ठी गुंडाळलेली. खरे नाणीवाले चिठ्ठीवर राजा, साल, टांकसाळ लिहितात. काकांना फारसीचा ठिपका कळत नव्हता. त्यांच्या चिठ्ठीवर असे: ‘संगप्पा, नळदुर्ग, मिरच्या, शिंका फार.’ ‘कोंडीबा, कांदे, बैल लंगडा.’ ‘रंभाबाई, तूप, भांडकुदळ.’ अशी त्रेचाळीस माणसं काकांनी पानाच्या पितळी डब्यात जपून ठेवली होती.

आता गोदावरीकाकू. पहिला रुपया घरी आला तेव्हा त्या नवी नवरी होत्या. काकांनी चुकीचा रुपया म्हणून सांगायचं सोडून ‘ठेव, बक्षीस मिळालंय’ असं सांगितलं. दिवाळीत लक्ष्मीपुढं मांडायला काकूंनी तो काढला, तर काळाकुट्ट. लक्ष्मीपुढं काळा रुपया कसा मांडायचा? काकूंनी त्याला चिंच फासली, वर रांगोळीची पूड घेतली, आणि नारळाच्या शेंडीनं असा घासला की त्यात निरांजन दिसायला लागलं.

“वा!” काका म्हणाले. “कालच टांकसाळीतनं पडल्यासारखा केलास की गं!”

काका एरवी बायकोला ‘वा’ म्हणणाऱ्यांतले नव्हते. आमटी बिघडली तर बोलत, साधली तर आणखी मागत. काकूंना उभ्या संसारात हा वर्षातनं एकदाच मिळणारा ‘वा’. मग काय! दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या सकाळी काकू मोरीपाशी पाट टाकून बसत, शेजारी चिंचेची वाटी, रांगोळी नि शेंडी. काका एकेक रुपया चिठ्ठीतनं सोडवून देत, नाव सांगत, काकू घासत. “या कोंडीबाच्या कानात मळ लई साठतो हो,” असं म्हणून नक्षीतला काळा भाग शेंडीच्या काडीनं कोरून काढत. संध्याकाळी त्रेचाळीस रुपये समईपुढं असे झळकत, की आम्ही शेजारी लाह्या-बत्तासे घ्यायला म्हणून जात असू नि रुपयेच बघत उभे राहत असू.

काका निवृत्त झाले. जे काही हातात आलं ते पद्मजाच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या मुलीच्या लग्नात गेलं. काका एका भुसारवाल्याकडं चिठ्ठ्याचपाट्या लिहायला जाऊ लागले. आणि त्याच साली काकूंचा डावा डोळा दुखायला लागला.

काचबिंदू निघाला. काकूंच्या हातातल्या बांगड्या मोडून काका त्यांना मुंबईला घेऊन गेले. महिन्यानं परत आले ते बांगड्यांवाचून आणि डोळ्यावाचून. पुढच्या वर्षी, म्हणजे बत्तीस सालच्या भादव्यात, उजव्याची पाळी आली. आमच्या डॉक्टरांनी बत्ती लावून बघितलं आणि काकांना बाहेर बोलावलं. मी बरोबर होतो.

“तेच इकडंही सुरू झालंय. पुन्हा मुंबई गाठलीत तर चार आण्यांची आशा आहे. पण दिवाळीच्या पलीकडं थांबू नका.”

“चार आणे म्हणजे… बारा आणे नाही असंच ना?”

“असंच.”

मुंबईचं सगळं धरून दीडशे रुपये लागणार होते. गिरण्यांचं काम मंदावलेलं, गल्लीत ज्याच्याकडं हात पसरावा तोच हात पसरून बसलेला. घरात विकण्यासारखी वस्तू एकच होती. पानाचा डबा.

त्यानंतर पंधरा दिवस काकांनी जे केलं त्याला विचार करणं म्हणतात की नाही, मला माहीत नाही. रोज संध्याकाळी ते डबा घेऊन माझ्या ओसरीवर येत. “अर्धे विकतो, मास्तर. अर्धे ठेवतो.” मग विकायचे रुपये बाजूला काढत. संगप्पा? तो तर पहिला. कोंडीबा? त्याचा बैल लंगडा होता हो, त्या दिवशी तो रडला होता. रंभाबाई? ती जाऊ द्या, भांडकुदळ. पण भांडून झाल्यावर तिनंच तर पळीभर तूप दिलं होतं! अशा रीतीनं सात काढून नऊ परत ठेवले जात. मी गणिताचा मास्तर. पण सात काढून नऊ परत ठेवण्याचा हा प्रकार मला कुठल्याच पुस्तकात सापडला नाही.

काकूंचं म्हणणं सरळ होतं. “ठेवा की. बांगड्या गेल्या नि डोळाही गेला. आता रुपये जातील नि हाही जाईल. मग घरात चाचपडायला तरी काय उरेल?”

“चार आण्यांची आशा आहे गं.”

“चार आण्यांत आठवड्याची भाजी येत नाही धड.”

असं म्हणून हसत. त्या हसल्या की काकांना विकणं लांबणीवर टाकायला जोर येई.

दसरा आला. संध्याकाळी मी आपट्याची पानं घेऊन त्यांच्याकडं गेलो. काका दाराशी वहाणा काढत होते. आत दिवा लागला होता. काकू देवाजवळनं उठल्या, हातात पानं घेतली, हसतमुखानं चार पावलं पुढं आल्या, आणि खुंटीला टांगलेल्या कोटासमोर उभ्या राहून म्हणाल्या, “घ्या सोनं. आणि यंदा तरी तोंड गोड करून बोला.”

त्यांनी खाली वाकून कोटाला नमस्कार केला.

मी काकांकडं बघितलं. त्यांच्या वाळक्या देहाची मी पुष्कळ थट्टा केली होती, तीही त्यांच्यासमोर. काका अनवाणी पायांनी आवाज न करता खुंटीपाशी गेले, कोटाला अगदी खेटून उभे राहिले आणि म्हणाले, “दे.” पानं घेऊन त्यांनी ती कोटाच्याच खिशात ठेवली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “मास्तर, उद्या पत्र लिहा. सगळे. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस.”

पुण्याचे रावसाहेब गव्हाणकर म्हणून एक निवृत्त अंमलदार जुनी नाणी घेतात, असं मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. त्यांना लिहिलं. उत्तर आलं, की अंकुशी, चांदवडी असे पेशवाईतले रुपये चांगले निघाल्यास दहा-बारा रुपये नगाला देईन, एखाद्याला जास्तही. विजापूरला जाताना सोलापूरच्या डाकबंगल्यात दोन दिवस उतरतो आहे, घेऊन या. मी पाटीवर गुणाकार करून दाखवला. मुंबई दोनदा होऊन वर उरत होतं. काका त्या पाटीकडं बराच वेळ बघत राहिले. त्यांनी ती मला पुसू दिली नाही.

आता माझा वाटा सांगतो. रावसाहेबांकडं जायच्या आदल्या दिवशी मीच काकांना म्हणालो, “मोठा माणूस आहे. असे कळकट नका नेऊ. जरा लख्ख करून न्या.”

काकू लगेच पाट टाकून बसल्या. उजव्या डोळ्याला आता बोटभर भोकातून दिसावं तेवढं दिसत होतं, पण या कामाला डोळे हवेत कुणाला? वाटीतली चिंच संपली तेव्हा आणखी चिंच मीच माझ्या घरातनं आणून दिली. काकू दोन तास घासत होत्या.

“मुंबईला नेणार ना तुम्ही मला?” मध्येच त्यांनी काकांना विचारलं.

“नेणार तर!”

“मग हे असे घासते की त्या रावसाहेबाला तोंड दिसलं पाहिजे.”

इतक्या दिवसांत त्यांनी डोळ्याबद्दल एवढंच काय ते विचारलं. म्हणजे मनातून हवं होतं. ते भाजीचं वगैरे सगळं आम्हाला बरं वाटावं म्हणून होतं.

डाकबंगल्यात रावसाहेबांनी आम्हाला अदबीनं खुर्च्या दिल्या. टेबलावर मखमलीचा तुकडा पसरला. काकांनी डबा उघडला आणि पहिली चिठ्ठी सोडली. रावसाहेबांनी भिंग लावलं. एक बाजू बघितली, दुसरी बघितली. दुसरा रुपया घेतला. तिसरा. दहावा झाल्यावर भिंग खाली ठेवलं.

“हे घासलेत?”

“कालच,” काका उत्साहानं म्हणाले. “आणि दर दिवाळीला. अठ्ठावीस दिवाळ्या झाल्या. आमच्या घरात एकही रुपया कधी काळा राहिला नाही.”

रावसाहेबांनी एक रुपया बोटांत फिरवला. मग फार हळू म्हणाले, “वळसंगकर, जुन्या नाण्याचा काळेपणा म्हणजे त्याचा जन्मदाखला असतो. आणि अक्षरं… इथं टांकसाळीची खूण असायला हवी होती. इथं साल. हा बहुधा चांदवडी असावा. असावा, इतकंच. रांगोळीची पूड ही कानसच आहे हो. या आता नुसत्या चांदीच्या चकत्या उरल्या आहेत.”

“पण हा संगप्पाचा आहे,” काका म्हणाले.

“कोण संगप्पा? कुठल्या संस्थानचा?”

“नळदुर्गचा. मिरच्यांचा.”

मला हसू फुटलं. अशा वेळी फुटायला नको होतं. रावसाहेब हसले नाहीत. त्यांनी सगळे त्रेचाळीस रुपये नीट बघितले, उगीच घाई केली नाही. शेवटी एक उचलला. तो काकांना नोकरीच्या शेवटच्या वर्षी मिळालेला होता, दोनतीनदाच घासला गेला होता. “हा एक घेईन. दहा रुपये देतो. बाकीचे सराफाकडं वजनावर जातील; पण चांदी सध्या फार पडलीय. मुंबईचं गाडीभाडं निघेल जेमतेम.”

काकांनी हात पुढं केला आणि तो रुपया परत मागून घेतला. “नको. त्रेचाळीस आहेत ते. ती मोजते.”

परत येताना ते सिद्धेश्वराच्या तळ्याच्या कठड्यावर बसले. डबा मांडीवर.

“मास्तर, हे तिला कळता कामा नये.”

“मग सांगणार काय?”

“सांगेन, मला विकवेनात.”

“अहो काका! त्या काय म्हणतील तुम्हाला?”

“म्हणू दे की. मला म्हणून म्हणून काय म्हणेल? चिकट म्हणेल. पण हे कळलं तर स्वतःला काय म्हणेल ते बघा. आपल्या हातानं आपला डोळा घासून टाकला असं म्हणेल.” मग डब्याचं झाकण दाबून बसवत, “तिचं काय चुकलं हो त्यात? ‘वा’ मी म्हणत होतो.”

“आणि चिंच मी आणली होती,” मी म्हणालो.

“ती एका दिवसाची,” काका म्हणाले. त्यातही त्यांनी मला वाटेकरी करून घेतलं नाही.

आम्ही घरी पोचलो तेव्हा काकू दाराशीच बसल्या होत्या. पायांचा आवाज ऐकून उठल्या.

“झालं?”

“नाही.”

“भाव नाही आला?”

“आला की. चांगला आला. पण…” काकांनी डबा खाली ठेवला. “ऐनवेळी मला देववेना. संगप्पा, कोंडीबा… इतक्या वर्षांचे. जीव होईना.”

काकूंनी चौकटीवर हात टेकला. नंतर म्हणाल्या, “बरं. ताटं घेते.” आणि आत गेल्या. त्या रात्री काकांच्या ताटात आमटी वाटीबाहेर सांडली. डोळ्यामुळं, की कशामुळं, ते मला सांगता येणार नाही.

दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी विहिरीवर शेजारच्या शिवबाईजवळ बोलल्या, आणि शिवबाईजवळ बोललेलं गल्लीला वेगळं सांगावं लागत नसे. “म्हातारा लई चिकट निघाला की ओ मास्तर!” ती मला म्हणाली. “बायकूच्या डोळ्यापरीस रुपाया लाडका! तुमी तर संगं गेला हुता, चार शब्द सांगायचे न्हाईत?” मी मान खाली घालून शाळेत गेलो. त्या दिवशी मुलांना त्रैराशिक चुकीचं शिकवलं.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मला भिंतीपलीकडनं काकूंचा आवाज ऐकू आला. “आणा तुमचे लाडके.”

मी गेलो. न जाऊन करतो काय? काकू मोरीपाशी पाटावर बसल्या होत्या. काका डबा घेऊन समोर. चिठ्ठ्या डाकबंगल्याच्या टेबलावरच सगळ्या एकात एक मिसळल्या होत्या, आणि रुपये तर काय, सगळे सारखेच गुळगुळीत. कुठला कुणाचा, हे आता काकांनाही कळत नव्हतं.

काकूंनी हात पुढं केला. “हा कुणाचा?”

काकांनी एक रुपया त्यांच्या तळव्यावर ठेवला. “संगप्पाचा.”

“मिरच्यांचा.” काकूंनी चिंच लावली, बोटं फिरवली. “याच्या कानात मळ नाही आता. स्वच्छ झालाय. आणि हा?”

“कोंडीबाचा.”

“चमकतात का हो?”

“डोळे दिपतात,” काका बोलून गेले आणि जीभ चावली.

“तुमचेच दिपले,” काकू म्हणाल्या, “म्हणून तर विकवले नाहीत.”

“खरंय,” काका म्हणाले.

उजवा डोळा संक्रांतीला गेला. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा त्या वर्षी काकूंनी ओट्यावर बसून ऐकली. त्यानंतर पाच दिवाळ्या झाल्या. पाचही वेळा काकूंनी ते त्रेचाळीस रुपये घासले, ‘माझ्यापेक्षा हे बरे’ असं प्रत्येक खेपेस ऐकवलं, आणि काकांनी प्रत्येक खेपेस ‘खरंय’ म्हणून पुढचा रुपया हातावर ठेवला. नावं ते मनानंच सांगत. पण कधी एक नाव दोनदा आलं नाही. शेवटच्या दिवाळीला रुपये इतके पातळ झाले होते की काकू म्हणाल्या, “हे हलके कसे लागतात हो? कुणी बदलले नाहीत ना?”

“छे,” काका म्हणाले. “तुझ्या हाताला जोर आलाय. वा!”

आणि चिंचेची वाटी त्यांनी काकूंकडं सरकवली.